वापरून बघणं आणि वापरून घेणं

मी अंकुशनगरहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आज बचतीवर किंवा कर्जावर नाही, स्पीकरवर बोलणार आहे. हसू नका, शेवटी गाडी आपल्या गटाच्या वहीपाशीच येणार आहे.

मागच्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या चार गटांनी मिळून कार्यक्रम ठेवला होता. माइकवाला स्पीकर हवा होता. भाड्याने बघितला, तर गळीत हंगाम आणि लग्नं एकदमच आलेली, कुणाकडे मोकळा नव्हता. म्हणून तालुक्याच्या बाजारात गेलो. चाकांचा, ओढत नेता येणारा स्पीकर साडेसात हजारांना होता. दुकानदार भाऊ ओळखीचे. म्हणाले, "ताई, घरी नेऊन वाजवून बघा. चार दिवसांत नाही पटला तर परत आणा."

कार्यक्रम छान झाला. भाषणं झाली, गाणी झाली, शेवटी हळदी-कुंकूही झालं. दुसऱ्या दिवशी हिशोबाला बसलो, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "काम तर झालं. चार दिवस कुठे संपलेत? देऊ परत." सगळ्या गप्प बसल्या, मीही बसले. मग मीच तो स्पीकर घेऊन गेले आणि सांगितलं, "माइकमधून खरखर येते." भाऊंनी माइक लावून बघितला. आवाज स्वच्छ होता. माइकच्या जाळीत कुंकू अडकलेलं होतं, ते त्यांनी बोटाने पुसलं. काही न बोलता पैसे मोजून दिले.

त्या कुंकवाने मला आजच्या भाषणाला बसवलंय.

वाजवून का बघायचं असतं?

घरी नेऊन बघण्यात काहीच गैर नाही. आवाजाची वस्तू दुकानात पुरती कळत नाही. दुकानात माल भरलेला असतो, त्यात आवाज मुरतो. आपल्या घरी उघड्या भिंती, वर पत्रे, खाली फरशी, त्यामुळे तोच आवाज घुमतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की ढोलाचा जाड आवाज वाढतो, भिंतीपासून पुढे ओढला की कमी होतो. म्हणजे वस्तू तीच, पण जागा बदलली की आवाज बदलतो. घरची चाचणी असते ती यासाठी.

पण अर्धी चाचणी दुकानातच करता येते. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. वॅटच्या पुढे 'पीएमपीओ' लिहिलं असेल, तर तो क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा असतो. 'आरएमएस' म्हणजे सतत पेलता येणारी ताकद. दोन स्पीकर ताडून बघायचे तर आरएमएस विचारा. आपल्या ओळखीचं गाणं लावा, आधी हळू, मग मोठ्याने. माइकवर स्वतः बोला, कारण गटात बोलणार आहोत आपणच.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. माइक घेऊन स्पीकरच्या समोर गेलं की शिट्टी वाजते. तो बिघाड नाही. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि असं चक्र सुरू होतं. स्पीकर आपल्या पुढे ठेवा, माइक त्याच्या मागे धरा, आवाज थोडा कमी करा, शिट्टी थांबते. ब्लूटूथही साधारण दहा मीटरपर्यंत धरतं, मध्ये भिंत आली की त्याहून कमी. हे माहीत नसल्यामुळे चांगली वस्तू 'खराब' म्हणून परत जाते.

परत गेलेल्या वस्तूचं काय होतं?

आपल्याला वाटतं, दुकानदार ती पुन्हा खोक्यात घालून विकेल. पण खोकं उघडलेलं, थर्माकोल तुटलेला, चाकांना माती. ती नवी म्हणून विकली तर पुढच्या बाईची फसवणूक. खरं सांगून विकली तर किंमत उतरते. बिघाड नसेल तर कंपनीकडूनही भरपाई मागता येत नाही. मोठ्या ऑनलाइन कंपनीला असा फटका पचतो असं आपण म्हणतो, पण तो खर्चही कुठल्या तरी किमतीत चढतोच. तालुक्याच्या दुकानात तर तो एका माणसाच्या गल्ल्यातून जातो.

हे समजायला दुकानदार व्हायची गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी घरून साड्या विकतात. लग्नात नेसून, पदराला अत्तराचा वास घेऊन परत आलेली साडी आठवा. "रंग नाही आवडला गं," असं म्हणत दिलेली. तेव्हा आपल्याला किती लागतं!

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूच्या बाबतीत आपली बाजू भक्कम आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं म्हणून सदोष वस्तूवरचा आपला हक्क जात नाही. ऑनलाइन मागवलेली वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाप्रमाणे नसली, तर विक्रेत्याला ती परत घ्यावी लागते. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

पण वस्तू चांगली आहे, फक्त मन बदललं, तर परत देण्याचा सरसकट हक्क कायद्यात नाही. तिथे दुकानदाराने जो शब्द दिला असेल तोच चालतो. आमच्या भाऊंनी चार दिवसांचा दिला होता. तो वाजवून बघण्यासाठी होता, कार्यक्रम उरकून घेण्यासाठी नव्हता.

मग रेघ कुठे ओढायची?

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे: वस्तूचं जे केलं ते दुकानदाराला तोंडावर सांगता येईल का? "दोन संध्याकाळी घरी वाजवला, पत्र्याखाली फार घुमतो, लहान दाखवा," हे सांगता येतं. "शंभर बायकांचा कार्यक्रम केला, आता नको," हे सांगता येत नाही, म्हणून तर मी खरखरीची गोष्ट रचली. घेताना वस्तू ठेवायचा विचारच नसेल तर ती चाचणी नव्हे, फुकटचं भाडं आहे.

चाचणीला नेताना मुदत आणि अटी बिलावर लिहून घ्या. खोकं, थर्माकोल, पिशव्या, वायरी जपून ठेवा. आणि नको असेल तर खरं कारण सांगा. बिघाड असेल तर लगेच सांगा आणि मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा.

एका दिवसापुरतीच गरज असेल तर भाडं द्या. वारंवार लागत असेल तर चार गटांनी वर्गणी काढून घ्या. शिस्त म्हणून कोण नेतं, कधी परत आणतं ते वहीत लिहा.

पुढे काय झालं

दोन महिन्यांनी दुसऱ्या गटातली एक ताई त्याच दुकानात गेली. तिचा छोटा स्पीकर खरंच बंद पडला होता, घेऊन पाचवा दिवस. भाऊंनी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "कार्यक्रम झाला वाटतं?" ती रडत घरी आली. तिचा स्पीकर नंतर बदलून मिळाला, पण ते वाक्य मिळायला नको होतं. त्याची खरी धनीण मी होते. आता दुकानात पाटीही लागली आहे: 'घरी चाचणी बंद.'

मी बैठकीत विषय काढला. आपण महिन्याच्या महिन्याला हप्ता भरतो, बँकेत आपल्या परतफेडीचं नाव आहे, त्या नावावर पुढचं कर्ज मिळतं. ती पत बँकेपुरतीच असते का? बराच वेळ वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "त्याने काय कमी नफा घेतलाय आजवर?" खरं असेलही. पण त्याचा नफा जास्त असेल तर भाव करायचा, खोटं बोलायचं नाही. शेवटी एका दिवसाचं भाडं म्हणून पाचशे रुपये ठरले, ठराव वहीत लिहिला.

मी त्या ताईला सोबत घेऊन गेले. तिच्यासमोरच भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी पैसे घेतले, पावती दिली. ताईला म्हणाले, "तुम्हाला बोललो ते चुकलं." मला काही म्हणाले नाहीत. पाटी अजून तिथेच आहे.

ती पाटी आपण लावायला लावली, तेव्हा ती उतरायला वेळ लागणारच. तोवर दुकानातच नीट वाजवून बघू, आणि बिल घ्यायला विसरणार नाही.