नौकेची श्वासनळी
ब्लोअरचा आवाज येतो, म्हणजे हवा बाहेर जातेच असे नाही. इंजिनघरातील वायुवीजनाच्या नळ्यांकडे लक्ष का हवे?

हंगाम सुरू होण्यापूर्वी नौकेचे मालक रंगरंगोटीला लागतात. डेक घासले जाते, पितळी कड्यांना झळाळी येते, गाद्यांच्या खोळी बदलल्या जातात. इंजिनावरचे झाकण उचलले की मात्र वेगळेच चित्र दिसते. काळवंडलेली, जागोजागी चेमटलेली आणि तारेचे टोक बाहेर आलेली एक नळी कोपऱ्यात कशीबशी लोंबत असते. प्रवाशांच्या नजरेस ती पडत नाही, म्हणून मालकाच्या नजरेतूनही ती सुटते. वास्तविक, पेट्रोल इंजिन पोटात बसवलेल्या नौकेची ती श्वासनळी असते. तिचे रूप सुधारणे हा हौसेचा भाग वाटला, तरी तिच्या टिकाऊपणाशी नौकेवरील प्रत्येकाचा जीव बांधलेला असतो.

वाफ खाली बसते

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. मोटारीतून गळालेले पेट्रोल रस्त्यावर सांडते आणि त्याची वाफ वाऱ्यावर विरून जाते. नौकेच्या तळाला मात्र छिद्र नसते आणि असूही नये. त्यामुळे इंधनाच्या नळीतून, कार्ब्युरेटरमधून किंवा टाकीच्या सांध्यातून झिरपलेल्या पेट्रोलची वाफ इंजिनाखालच्या खोलगट भागात, म्हणजे बिल्जमध्ये, पाण्यासारखी साचून राहते.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के असले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेते. एक घनमीटर जागेत १.४ टक्के म्हणजे अवघी १४ लिटर वाफ. तेवढी वाफ तयार होण्यास चहाच्या एका कपाइतकेही पेट्रोल लागत नाही. ठिणगीला निमित्तही छोटे पुरते. इंजिन सुरू करण्यासाठी चावी फिरवली जाते, तो क्षणच सर्वांत धोक्याचा. नौकेसाठी बनवलेल्या स्टार्टरमध्ये ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते. पण स्वस्त मिळतो म्हणून मोटारीचा स्टार्टर बसवला, तर ते संरक्षण नाहीसे होते.

यावर उपाय एकच. इंजिन सुरू करण्यापूर्वी साचलेली हवा बाहेर काढायची. त्यासाठी विजेवर चालणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, आणि त्याला जोडलेली नळी लागते. नळीचे खालचे तोंड बिल्जजवळ असते आणि दुसरे टोक नौकेच्या कडेवरील जाळीदार झडपेला जोडलेले असते.

चार मिनिटांचा नियम

हौशी नौकानयनाचा मोठा प्रसार असलेल्या अमेरिकेत या विषयावरचे नियम जुने आहेत. २५ एप्रिल १९४० नंतर बांधलेल्या पेट्रोल नौकांना वायुवीजनाची सोय तेथे बंधनकारक झाली. ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या, पोटात पेट्रोल इंजिन बसवलेल्या नौकांना तर ब्लोअरही आवश्यक ठरला. इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर चार मिनिटे चालवावा आणि बिल्जमध्ये पेट्रोलची वाफ आहे का ते पाहावे, अशी सूचना चालकाला दिसेल अशा जागी लावावी लागते.

याच नियमांतील दोन तरतुदी नळीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, हवा ओढणारे तोंड कप्प्याच्या उंचीच्या खालच्या एकतृतीयांश भागात, पण बिल्जमध्ये नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर असावे लागते. दुसरी तरतूद अधिक बोलकी आहे. ३४ घनफुटांपेक्षा लहान, म्हणजे जेमतेम एक घनमीटरच्या कप्प्यासाठी मिनिटाला ५० घनफूट क्षमतेचा ब्लोअर सांगितलेला आहे. मात्र नळीसह बसवल्यानंतर त्याने मिनिटाला २० घनफूट हवा बाहेर टाकली तरी पुरते. ब्लोअरच्या खोक्यावर छापलेली क्षमता आणि झडपेतून प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा यांत एवढी तफावत असू शकते, हे नियमानेच गृहीत धरले आहे. ही घट होते ती मुख्यतः नळीत, तिच्या वळणांत आणि झडपेच्या जाळीत. नळी चेमटली, फाटली किंवा पाण्यात बुडाली, तर ती २० घनफूट हवाही मिळत नाही. ब्लोअर मात्र पूर्वीसारखाच घरघरत राहतो आणि चालकाची समजूत होते की सारे ठीक आहे.

नळी का खराब होते?

या कामासाठी प्रचलित असलेली नळी बहुधा तीन किंवा चार इंच व्यासाची असते. सर्पिल तारेचा सांगाडा आणि त्यावर व्हिनाइलचा किंवा व्हिनाइल चढवलेल्या कापडाचा पातळ पडदा, अशी तिची घडण असते. वजनाला हलकी आणि हवी तशी वळणारी, हा तिचा गुण. पातळ पडदा हीच तिची मर्यादा.

इंजिनाच्या उष्णतेने व्हिनाइलमधील मऊपणा देणारी द्रव्ये हळूहळू उडून जातात. आधी नळी ताठर होते, मग वळणावर तिला चिरा पडतात. झडपेजवळच्या भागावर ऊन पडत असेल, तर तेथील रंग पिवळा पडतो आणि पडदा ठिसूळ होतो. तार साध्या पोलादाची असली, तर कापलेल्या टोकातून खारट दमटपणा आत शिरतो, गंज चढतो आणि पांढऱ्या नळीवर तपकिरी ओघळ दिसू लागतात. इंजिनाच्या थरथरीने नळी लाकडाच्या किंवा फायबरच्या कडेवर घासत राहते आणि तेथे भोक पडते. दोन आधारांच्या मध्ये ती झोळीसारखी खाली आली, की त्या खोलगट जागी पाणी साचून हवेचा मार्ग अरुंद होतो.

भोक वरच्या भागात पडले तर धोका अधिक फसवा असतो. ब्लोअर त्या भोकातून वरची स्वच्छ हवा ओढत राहतो. तळाशी बसलेली वाफ जागची हलत नाही. बाहेर मात्र हवेचा झोत जाणवतो.

रूप आणि मजबुती हातात हात घालून

नळीचे रूप सुधारण्याचे बहुतेक योग्य उपाय तिचे आयुष्यही वाढवतात. त्यातील पहिला उपाय म्हणजे मार्ग सरळ करणे. जुनी नळी काढून नवी बसवताना ती पूर्ण ताणून मापावी आणि जादा लांबी कापून टाकावी. दाबून बसवलेल्या नळीला आतून सुरकुत्या पडतात आणि हवेला अडथळा होतो. वळणे शक्य तेवढी कमी आणि मोठ्या घेराची ठेवावीत. दर हातभर अंतरावर रुंद पट्ट्याचा आधार दिला, की नळी झोळत नाही आणि इंजिनघर एकदम नीटनेटके दिसते. एग्झॉस्टचा तापणारा भाग आणि फिरणारे पट्टे यांपासून तिला दूर ठेवणे हे ओघाने आलेच.

दुसरा उपाय सांध्यांचा. चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड उष्णतेने आणि तेलाने सुटतो. ब्लोअरच्या आणि झडपेच्या तोंडावर स्टेनलेस पोलादाचे क्लॅम्प लावावेत. बाजारात पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू साध्या पोलादाचा, असे क्लॅम्पही मिळतात. त्यांवर आधी गंज येतो तो स्क्रूलाच. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस पोलाद अधिक टिकते. नळी कापल्यावर तारेचे टोक थोडे मागे छाटून आत वळवावे आणि त्यावर रबरी टोपी किंवा स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी बसवावी. गंज तेथेच थोपतो आणि हाताला ओरखडाही येत नाही. नळी जेथे लाकडी किंवा फायबरच्या भिंतीतून जाते, तेथे भोकाच्या कडेला रबरी कडे बसवल्यास घासणे थांबते.

तिसरा उपाय खालच्या तोंडाचा. ते केवळ बिल्जमध्ये सोडून देऊ नये. लाटांच्या हेलकाव्याने ते सरकते आणि पाण्यात बुडते. योग्य उंचीवर ते पक्के बांधावे. ब्लोअर स्वतः मात्र शक्य तितका उंच असावा, म्हणजे बिल्जचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

रंगाबाबत थोडा विचार करावा लागतो. नळी पांढऱ्या, काळ्या किंवा करड्या रंगात मिळते. पांढरी नळी इंजिनघर उजळ ठेवते, पण तेलाचे डाग लगेच दाखवते. एका अर्थाने हा तिचा फायदाच, कारण गळती लवकर ध्यानात येते. ऊन पडणाऱ्या भागात काळी नळी डाग लपवते आणि बहुधा अधिक काळ तग धरते. स्वच्छतेसाठी सौम्य साबण आणि गोडे पाणी पुरेसे असते. थिनर, ॲसिटोन किंवा रॉकेल यांनी नळी क्षणभर चमकते, पण पडदा लवकर खराब होतो.

काय करू नये?

सौंदर्याच्या हौसेपोटी केलेले काही उपाय अंगाशी येतात. व्हिनाइलवर साधा ऑइलपेंट लावला तर नळी वळताच तो तडकतो. कधी तो वाळतच नाही, चिकट राहतो. फोम किंवा कापडाचे आवरण तेल आणि पेट्रोल शोषून घेते आणि आतली चीर झाकून टाकते. जागा वाचावी म्हणून चार इंची नळीऐवजी तीन इंची नळी बसवण्याचा मोहही टाळावा. व्यासात फरक एका इंचाचा दिसतो, पण तोंडाचे क्षेत्रफळ जवळपास ४४ टक्क्यांनी घटते.

शहरी घरांतील स्वयंपाकघराच्या चिमणीला जोडतात ती ॲल्युमिनियमची चुणीदार नळी सहज मिळते, चकाकतेही. नौकेत मात्र ती वापरू नये. खारी हवा आणि सततची थरथर यांपुढे तो पातळ पत्रा टिकत नाही. नौकेसाठी म्हणून विकली जाणारी, ज्वालारोधक नळीच घ्यावी.

आपल्या किनाऱ्यावर

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँच आणि कोकण किनाऱ्यावरील मोठ्या यांत्रिक मासेमारी नौका डिझेलवर चालतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलला त्यासाठी ५० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे स्फोटाचा धोका तेथे बराच कमी असतो. तरीही इंजिनघराला हवा लागतेच. ती अपुरी पडली तर इंजिन काळा धूर ओकते, ताकद घटते आणि कप्पा तापतो. पोटात पेट्रोल इंजिन असलेल्या खासगी स्पीडबोटींना मात्र वर सांगितलेले सारे तंतोतंत लागू पडते. मागे बाहेर इंजिन टांगलेल्या छोट्या बोटीतही पेट्रोलची टाकी बंद कप्प्यात ठेवली असेल, तर तो कप्पा हवेशीर असणे तितकेच गरजेचे.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. नळीची तपासणी करण्यास याहून चांगला काळ नाही. बंद झडपेत पाखरे किंवा गांधीलमाश्या घरटे करतात, उंदीर पडदा कुरतडतात. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी नळी हाताने चाचपून पाहावी. कडक लागली, बोटाने दाबताच चीर दिसली, तर ठिगळ न लावता ती बदलावी.

शेवटची परीक्षा घरगुती आहे. ब्लोअर सुरू करून १०० लिटरची कचऱ्याची प्लॅस्टिक पिशवी बाहेरच्या झडपेवर घट्ट धरावी. मिनिटाला २० घनफूट हवा येत असेल, तर ती सुमारे साडेदहा सेकंदांत फुगते. त्याचबरोबर खालच्या तोंडाशी कागदाचा पातळ तुकडा धरावा. तो नळीकडे ओढला जायला हवा. पिशवी फुगते पण कागद हलत नाही, याचा अर्थ मध्ये कोठेतरी नळी फाटली आहे.

आणि परीक्षा उत्तीर्ण झाली, तरी प्रत्येक फेरीपूर्वी झाकण उचलून वास घेण्याची सवय सोडू नये. पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावायचा नाही, प्रवाशांना उतरवायचे आणि गळती शोधायची. चार मिनिटे थांबण्याचा कंटाळा आणि काही फुटांच्या नळीचा खर्च, एवढीच या सुरक्षिततेची किंमत आहे.