खिशातला निखारा

१९०१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेकरेल रेडियमची एक छोटी नळी जाकिटाच्या खिशात ठेवून काही तास वावरले. ना चटका बसला, ना काही जाणवले. काही दिवसांनी खिशाखालची कातडी लाल झाली, मग तिथे जखम झाली आणि ती भरायला कित्येक आठवडे लागले.

१०९ वर्षांनी, २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात तेच पुन्हा घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० शिल्लक होते. ते फोडल्यावर निघालेला तुकडा एका भंगारवाल्याने पाकिटात ठेवला आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात. तिथे त्याला खोल जखम झाली. त्या दुर्घटनेत एकाचा जीवही गेला.

विस्तवाला हात लागला की आपण तो झटकतो. किरणोत्सर्गाचे भाजणे त्या क्षणी सहसा दुखतच नाही, म्हणून हात झटकण्याची वेळ येत नाही. मार बसतो तो कातडीच्या तळाच्या थराला, जिथे नव्या पेशी तयार होतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांना. वरची कातडी जुन्या शिलकीवर काही दिवस चालते. नवी भर थांबली आहे, हे नंतर उघड होते.

मात्रा मोठी असेल तर जखम भरूनही हिशेब मिटत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी ती जागा पातळ, कोरडी होते, तिथले केस जातात, लाल शिरांचे जाळे दिसते. साधे खरचटलेलेही लवकर भरत नाही. क्वचित पुढे कर्करोग होतो. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातांवर तपासून पाही. दोन्ही हात कापावे लागले, तरी १९०४ साली तो गेलाच.

म्हणून छातीच्या एक्स-रेला घाबरू नये. ती मात्रा फारच थोडी असते. पण घरात कुणी कर्करोगासाठी रेडिएशन घेतले असेल, तर ती जागा जन्मभर जपावी. आजची यंत्रे कातडी बरीच वाचवतात, तरी तिथे गरम पाण्याची पिशवी नको, कडक ऊन नको. फार लांबलेल्या अँजिओप्लास्टीनंतर पाठीवर चौकोनी डाग उठला, तर नायटा समजून मलम चोळत बसू नये. कातडीच्या डॉक्टरांना ती जुनी गोष्ट आधी सांगावी. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

बँकेत आम्ही जुनी व्हाउचरे वर्षानुवर्षे जपून ठेवत असू. घरातली दवाखान्याची फाइल तरी रद्दीत जाऊ देऊ नका.