खवट तेल आहारात नको

प्रचलित करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल शेकडा ७० हून अधिक असते. हवेतील प्राणवायूचा त्याच्याशी संयोग होऊन तेल खवट होते. ऊन व तांब्या-पितळेची भांडी या क्रियेस वेग देतात. अशा तेलातील ई जीवनसत्त्व नष्ट होते, सोबतच्या अन्नातील अ जीवनसत्त्वाचीही हानी होते. मळमळ, जुलाब संभवतात. एखाद्या जेवणाने सहसा अपाय दिसत नाही, म्हणूनच ते फोडणीत खपविले जाते व मुलांच्या पोटी नित्य जाते. कांदा तळल्याने वास लपतो, दोष जात नाही. डबाभर तेल टाकणे जिवावर येते खरे. ते दिव्यास जाळावे, कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळू नये. घाण्यावरून तेल महिन्यापुरतेच आणावे. जुन्या तेलावर नवे ओतू नये. बरणी आधी धुऊन कोरडी करावी.