कोंबडीची शीट आणि तळ्याचे पाणी

बंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूरचे तळे देशभर ठाऊक झाले ते त्याच्या फेसामुळे. मे २०१५ मध्ये या फेसाने पेट घेतला. २०१७ व २०१८ मध्येही तेथे आगी लागल्या. याचा मुख्य दोष शहराच्या सांडपाण्याकडे व साबणचुऱ्याकडे जातो, परसातील कोंबड्यांकडे नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तथापि पाण्यावर जलपर्णी माजविणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये कोंबडीच्या शिटेतही विपुल असतात. तेथून पाणी वर्तूरच्या तळ्यातून दक्षिण पिनाकिनीला मिळते व पुढे तमिळनाडूत जाते.

मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांची घाण आपोआप रानभर पांगते, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः कोंबडी भित्री. घारीच्या भयाने ती खुराड्यापासून फार दूर जात नाही. शीट साचते ती खुराड्यात, त्याच्या दाराशी आणि जवळच्या झाडाच्या सावलीत. तेथील गवत उकरून नाहीसे होते, जमीन उघडी पडते आणि वळवाची पहिली सर ती माती स्फुरदासह ओढ्यात लोटते. नत्राची वाट निराळी: त्याचे नायट्रेट होऊन ते झिरपत विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या मुलांना ते विशेष बाधते.

खुराडे विहीर व ओढा यांपासून दूर, उंचवट्यावर असावे. छपराच्या पागोळ्यांचे पाणी त्याखालून वाहू देऊ नये. खुराडे उचलते असेल तर फारच उत्तम. अधूनमधून जागा बदलली की उजाड भूमीवर पुन्हा गवत धरते. उताराच्या अंगाला दाट गवताचा पट्टा राखावा. आत भाताच्या तुसाचा जाड थर घालावा, म्हणजे रात्रीची शीट कोरडी राहते. खुराड्यातून अमोनियाचा उग्र दर्प येऊ लागला, तर पिकाचे नत्रच हवेत उडून चालले आहे असे समजावे.

ताजी शीट रोपांची मुळे जाळते. तूस व वाळलेला पाला मिसळून तिची रास छपराखाली रचावी. कर्ब नत्राच्या २५ ते ३० पट असला आणि ओल बेताची राहिली, की रास आतून ५५ अंशांवर तापते व रोगजंतू मरतात. रास अधूनमधून चाळवावी. काही महिन्यांत मातकट वासाचे खत हाती येते. मुसळधार पावसाच्या तोंडावर मात्र ते शेतात उघडे पसरू नये. पेरणीपूर्वी मातीत मिसळून द्यावे.