मोहन्याच्या कामगारांची कैफियत आणि पालटलेली वकिली

उल्हास नदीच्या काठी, आंबिवली स्थानकालगत वसलेल्या मोहने गावाचा दिनक्रम अनेक दशके ज्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या पाळ्यांवर चालला, त्या कारखान्याला २००९ च्या नोव्हेंबरात टाळे लागले. आणि थकीत वेतन, ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी यांसाठी तेथील कामगारांना तेव्हापासून कायद्याच्या ज्या वाटा तुडवाव्या लागल्या, त्यांचा मागोवा घेऊ लागले की याच अवधीत वकिलीचा व्यवसाय मुळापासून कसा पालटला, हेही आपोआप दृष्टीस पडते.

कारखाना भरात होता त्या काळी कामगाराची फिर्याद युनियनच्या कचेरीत आकार घेई. मग वकीलपत्रावर सही होई, कार्बन लावून अर्जाच्या प्रती टंकलिखित होत, आणि कारकुनाच्या पिशवीतून ते दप्तर ठाण्याच्या कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायालयात पोहोचे. पुढील तारीख कोणती पडली हे कळण्यास तेथे प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नसे, आणि हुकुमाची नक्कल हाती येईपर्यंत मनुष्य हवालदिल होऊन जाई. नागपुरात चितळ्यांनी उभारलेल्या ऑल इंडिया रिपोर्टर या निवाडासंग्रहाचे बांधीव खंड ज्याच्या कपाटात ओळीने लागलेले, तो वकील मातब्बर गणला जाई. त्या खंडांतून निवाडा हुडकताना नवशिक्या वकिलाच्या नजरेखालून चार अनपेक्षित निवाडेही जात, आणि त्याचे खरे शिक्षण त्या शोधातच घडे.

पुढे कायद्याची चौकटच बदलली. आजारी उद्योगांसाठी १९८५ च्या कायद्याने दिल्लीत स्थापिलेले मंडळ १ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आले, त्याची जागा दिवाळखोरी संहितेने घेतली, आणि मोहन्याचे प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले. या संहितेची कार्यपद्धती कामगारास सर्वस्वी अपरिचित होती. प्रकरण दाखल करून घेतले जाताच कंपनीविरुद्धचे इतर दावे स्थगित होतात. कामगाराने आपली मागणी नमुना डी मध्ये, किंवा अनेकांच्या वतीने प्रतिनिधीने ती नमुना ई मध्ये, न्यायाधिकरणाने नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे पुराव्यानिशी सादर करावयाची असते, आणि ती ईमेलनेही धाडता येते. कंपनीचे विसर्जन झालेच, तर त्याच्या आरंभापूर्वीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे देणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने गणले जाते. ही तरतूद मोलाची खरी. परंतु ज्या मनुष्याने आयुष्यभर यंत्रावर उभे राहून पाळ्या केल्या, त्याला ती त्याच्या भाषेत समजावून सांगणारा कोणी नसेल, तर तिचे मोल कागदावरच राहते.

साधनांचा पालट मात्र वेगाने झाला. साक्षीदाराची जबानी दूरदृश्य यंत्रणेद्वारे नोंदविणे ग्राह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या महाराष्ट्रातील खटल्यातच ठरविले. २००७ पासून ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पोहोचलेली आणि उघडून पाहिलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले. आणि २०२० च्या टाळेबंदीत तर न्यायालयेच पडद्यावर अवतरली. आज कल्याणच्या न्यायालयातील तारीख मोहन्यात बसून भ्रमणध्वनीवर पाहता येते. पक्षकाराला आपल्याच प्रकरणाची वार्ता मिळविण्यासाठी कोणाचे आर्जव करावे लागू नये, ही मी या अवघ्या कालखंडातील सर्वात श्रेयस्कर गोष्ट मानतो.

तथापि त्याच सुलभतेने एक नवे भय आणले आहे. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने करनिर्धारणाचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधारार्थ घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने दिलेले उत्तर पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, अशी तंबी न्यायालयास द्यावी लागली. खंड चाळून निवाडा हुडकणाऱ्याच्या हातून असा प्रमाद घडणे जवळजवळ अशक्य होते. यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही; परंतु पडताळणीची सवय ज्या उमेदवारीत अंगी मुरत असे, ती उमेदवारीच आता विरळ होत चालली आहे, याची मला मनापासून चिंता वाटते.

कारण कार्यालयांचे वातावरणही बदलले. २००४ साली स्थापन झालेल्या पँजिया३ सारख्या संस्थांनी परदेशी कंपन्यांचे करारनामे मुंबईत बसून तपासण्याचे काम आणले; तेथे नियमित वेतन होते, ठरलेले तास होते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमण्याचे बंधनही २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक कार्यालयावर घातले. ज्येष्ठाच्या मर्जीवर बिनपगारी राबण्यापेक्षा तरुणांना, विशेषतः तरुणींना, असे स्थान अधिक सन्मानाचे वाटले, तर त्यांना दोष देता येत नाही. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले खरे, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. आणि ज्या वकिलाची स्वतःची फीच कामगारांच्या थकबाकीत अडकलेली, त्याने ते विद्यावेतन कोठून द्यावे? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगारास, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क दिलेला आहे. या साहाय्याच्या निधीतून कल्याण-ठाण्याच्या कनिष्ठ वकिलांना विद्यावेतन देऊन मोहन्यासारख्या वस्त्यांत ठराविक दिवशी बसवावे, आणि कामगाराचे नमुने त्यांनी त्याच्यासमोर मराठीतून समजावीत भरावेत, अशी तजवीज जिल्हा प्राधिकरणाने आता करावयास हवी.