आरंभशूरांची कैफियत

जून महिन्यात शाळा उघडते, नव्या वह्यांना कव्हरे चढतात आणि त्याच उत्साहात एक संकल्पही सोडला जातो : उद्यापासून रोज पहाटे उठून व्यायाम! पहिल्या दिवशी गजर होण्याआधीच जाग येते. पंचवीस सूर्यनमस्कार, पन्नास बैठका, शिवाय मैदानाला दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय कुरकुरतात. तिसऱ्या दिवशी पाऊस असतो. पुढच्या आठवड्यात चाचणी परीक्षा येते आणि दहाबारा दिवसांनी गजर वाजतो, तो केवळ आईला उठवण्यासाठी! मग घरातले कोणीतरी म्हणते, "आरंभशूर!" आणि आपल्यालाही ते पटते. आपल्या अंगी चिकाटीच नाही, असा निकाल आपण स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होतो.

हा निकाल फार घाईचा आहे. त्या दहाबारा दिवसांत तुमच्या शरीरात काय चालले होते, ते आधी पाहू या.

प्रथम पाय दुखण्याचे घ्या. सवय नसलेला व्यायाम केला, की स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात. लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे ते दुखतात, असे पुष्कळांना वाटते. जुन्या पुस्तकांतही तसे छापलेले सापडेल. परंतु हे आम्ल तासा-दोन तासांतच रक्तावाटे निघून जाते. मग परवाच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर कसा घ्यायचा? खरे कारण असे, की नेहमीपेक्षा जास्त ताण पडल्याने स्नायूंच्या तंतूंना अतिशय सूक्ष्म इजा होते आणि तिची डागडुजी चालू असताना ते ठणकतात. स्नायू लांबत असतानाच त्याला जोर लावावा लागला, म्हणजे बैठकीत खाली जाताना किंवा उतार उतरताना, ही इजा अधिक होते. गंमत पुढेच आहे. दुरुस्त झालेल्या स्नायूला तोच व्यायाम पुन्हा दिला, तर तो पहिल्याइतका दुखत नाही. म्हणजे दुखण्याला भिऊन जो थांबला, त्याने दुखणे तेवढे सोसले आणि त्याचा मोबदला सोडून दिला!

आता आरशाचे. दहा दिवस जोर काढून आरशासमोर उभे राहावे, तर दंड पूर्वीइतकेच. पण पाचाऐवजी आठ जोर मात्र निघू लागलेले असतात. स्नायू वाढला नाही, मग ही ताकद आली कोठून? ती आली मज्जासंस्थेकडून. एकेका स्नायूत हजारो तंतू असतात. त्यांचे गट असतात आणि प्रत्येक गटाला वेगळ्या मज्जातंतूमार्फत हुकूम मिळतो. नवशिक्याला हे सारे गट एकदम कामाला लावता येत नाहीत. शिवाय विरुद्ध बाजूचे स्नायूही तो विनाकारण आवळून धरतो. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि मज्जारज्जू हे हुकूम नीट द्यायला शिकतात. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका भरायला त्यानंतरही कित्येक आठवडे जावे लागतात. बाराव्या दिवशीचा आरसा खोटे बोलत नाही, पण त्याला आतले दिसत नाही.

बरे, सवय लागायला दिवस तरी किती लागतात? २१ दिवस, हे उत्तर तुम्ही कोठेतरी ऐकलेच असेल. त्याचा उगम मोठा मजेदार आहे. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतील प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० साली एका पुस्तकात लिहिले. त्यातले 'निदान' वाटेत गळून पडले आणि नव्या नाकाला व पहाटेच्या व्यायामाला एकच नियम लागू झाला!

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली. कोणी जेवणाबरोबर फळ खाण्याचे ठरवले, तर कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे पळण्याचे. अट एकच : ती गोष्ट दिवसातल्या एका ठरलेल्या घटनेला जोडायची. १२ आठवडे त्यांनी नोंदी केल्या. गोष्ट मुद्दाम न ठरवता आपोआप होऊ लागण्यासाठी कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे गणिताने निघाले. मधला आकडा आला ६६. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला वेळ अधिक लागला. आणि एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसे बिघडले नाही. हे शेवटचे वाक्य पावसाळ्यात विशेष उपयोगी आहे.

मला विचाराल तर व्यायाम घड्याळाला बांधू नये, घरातल्या एखाद्या न चुकणाऱ्या घटनेला बांधावा. शाळेतून येऊन दप्तर खुंटीला अडकवले, की लगेच दहा सूर्यनमस्कार. घड्याळाला सुट्टी असते, दप्तराला सहसा नसते. आणि दहाच बरे! पंचवीसांचा मोह पहिल्या दिवशी आवरा.

व्यायाम रोजच्या कामातच गुंफला गेला, तर संकल्पाचीही गरज उरत नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असत. वाहक मात्र तिकिटे देत रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढत. वाहकांत हृदयविकार कमी आढळला. तुमच्यातला शंकेखोर विचारील, मुळात जाड माणसेच चालक होत असतील तर? मॉरिस यांनाही हीच शंका आली. त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढून विजारींच्या कंबरा पाहिल्या आणि चालकांच्या विजारी खरोखरच अधिक रुंद निघाल्या! तेव्हा केवळ बसगाड्यांवरून निकाल देता येत नाही. पण टपाल खात्यातही, पायी किंवा सायकलवर हिंडणाऱ्या पोस्टमनांना बैठे काम करणाऱ्यांपेक्षा हा विकार कमी होता.

उलट बाजूही पाहा. सातवी-आठवीनंतर मैदानावर मुली दिसेनाशा होतात, तो काही त्यांचा आळस नव्हे. जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७८ टक्के आणि मुलींपैकी ८५ टक्के पुरेशी हालचाल करत नव्हत्या, असे २०१६ सालचे आकडे सांगतात. घरकाम, शिकवणी आणि "अंधारापूर्वी घरी ये" यांतून ज्यांना मैदानाची वेळच मिळत नाही, त्यांना चिकाटीचा उपदेश काय करायचा?

आरसा जे दाखवत नाही, ते पाहण्याचा एक प्रयोग मात्र सर्वांना घरी करता येईल. रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, जिन्याच्या खालच्या पायरीवर तीन मिनिटे एकसारख्या गतीने चढ-उतार करा. मिनिटाला वीस वेळा पुरे. मग लगेच बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि आकडा वहीत लिहा. (दमा किंवा हृदयाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, म्हणून तेवढ्याच कामाला त्याला कमी ठोके पुरतात. दर रविवारी त्याच पायरीवर, त्याच गतीने मोजत गेलात, तर दोनेक महिन्यांत आकडा उतरू लागलेला बहुधा दिसेल. नाडी मित्राकडून मोजून घेणार असाल, तर त्याला बोटेच वापरायला सांगा. अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते, आणि तुमच्या वहीत त्याचे ठोके लिहिले जातील!