खेकड्याची कल्हई

माझ्या लहानपणी आमच्या देवरूखला कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून तो भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि तांब्यापितळेची भांडी आतून चांदीसारखी लखलखायची. कल्हई कशाला, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. आंबटाने तांबं पदार्थात उतरतं आणि खाणाऱ्याला उलट्या होतात.

पण याच तांब्यावर श्वास घेणारा एक जीव आपल्या पऱ्यात राहतो. तो म्हणजे खेकडा. आपल्या रक्तात प्राणवायू वाहण्याचं काम लोह करतं, म्हणून ते लाल. खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या रक्तात तेच काम हिमोसायनिन नावाचं प्रथिन करतं. त्यात तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात. प्राणवायू मिळाला की या रक्तावर निळसर झाक येते.

मग हे तांबं खेकड्याला बाधत कसं नाही? कारण तो ते मोकळं सोडतच नाही. त्याच्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड या दोघांचं काम करणारी एक ग्रंथी असते. जादा तांबं तिथे जातं. मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन आपल्यातल्या गंधकाने त्याला पकडून ठेवतं. हे प्रथिन १९५७ साली प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं, आणि ते तुमच्याआमच्या शरीरातही आहे. त्यातूनही उरलेलं तांबं पेशींमध्ये कणांच्या रूपात साठतं आणि त्या पेशी झडल्या की विष्ठेवाटे बाहेर पडतं. खेकडा जुनं कवच टाकतो तेव्हा त्याचं हिमोसायनिन मोडतं. त्यातून सुटलेलं तांबंही हीच ग्रंथी सांभाळते. ही झाली खेकड्याची कल्हई.

मात्र तिलाही मर्यादा आहे. पाण्यात विरघळलेलं तांबं आधी कल्ल्यांवर घाव घालतं. गोड्या पाण्यातला खेकडा कल्ल्यांवाटे पाण्यातलं मीठ शोषून जगतो. ते शोषणंच थांबलं, तर आतली तिजोरी काय कामाची?

तरुणपणी मी पोफळींना कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारायचो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. एकदा मोरचुदाची बादली मी सरळ पऱ्यात खंगाळली. निळं पाणी क्षणात वाहून गेलं. सकाळी खालच्या कोंडीत बारीक झिंगे उलटे तरंगत होते. फवारणी बागेसाठी हवीच होती, चूक होती ती बादली धुण्याच्या जागेची.

तेव्हापासून मी बादली आणि पंप पऱ्यापासून दूर, बागेतच धुतो आणि धुवण पुढच्या मिश्रणात घालतो. एवढं तुम्हीही करा. आपल्या भांड्यांना कल्हई करणारा माणूस होता. पऱ्यातल्या जिवांना त्यांची स्वतःची कल्हई तेवढी आहे, ती आपण खरवडू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)